दोन इंग्रजी शब्दांवर व्याहीभेट

मला इंग्रजी येतं असा आमच्या घरात समज होता. तो मीच करून दिलेला. मी चौथी पास माणूस, धंदा वायरमनचा. उमेदीची सगळी वर्षं आमच्या डोंबिवलीत मानपाड्याकडच्या कारखान्यांत गेली. तिथे मोठे साहेब लोक यायचे आणि मी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचो, असं मी बायकोला लग्न झाल्या झाल्या सांगून टाकलेलं. बोलायचो म्हणजे काय, साहेब काहीतरी विचारायचा, मी 'येस सर' म्हणायचो, आणि साहेब पुढे गेला की सुपरवायझरला गाठायचो, "काय म्हणाला रे तो?" पण घरी पोचेपर्यंत त्या 'येस सर'चं चांगलं लांबलचक संभाषण झालेलं असे. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिला इंग्रजीत काही अडलं की मी म्हणायचो, "स्वतः शोध. सगळं बापाने सांगितलं तर तुझं डोकं कधी चालणार?" ती बिचारी शोधायची. पुढे ती हुशार निघाली. त्याचं श्रेय मी अजून घेतो.

तर या मुलीने मुलगा पसंत केला. ठाण्याचा, तिच्याच ऑफिसातला. "ख्रिश्चन आहे," असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.

"काम करतो ना?"

"बाबा, माझ्याच ऑफिसात आहे म्हटलं ना."

"मग मला काय?"

हे मी मनापासून म्हटलेलं. वायरमन माणूस सगळ्यांच्या घरात आतपर्यंत जातो. मी सगळ्या धर्मांच्या देवांना दिव्याचे पॉइंट काढून दिलेत. कुणाला झिरोचा बल्ब लागतो, कुणाला लुकलुकणारी माळ, एवढाच काय तो फरक. मुलगा घरी आला, चहा प्यायला, नीट मराठीत बोलला. मला 'अंकल' म्हणाला, ते मी सोडून दिलं.

बिघडलं ते फोटोमुळे. मुलीने मोबाइलवर त्याच्या आईवडलांचा फोटो दाखवला. कुणाच्या तरी लग्नातला, चर्चच्या पायऱ्यांवरचा. होणाऱ्या विहीणबाई झगमगीत साडीत होत्या, ते ठीक. पण व्याही! काळा कोट, आत जाकीट, गळ्यात टाय, खिशाला फूल. मी आयुष्यात ज्यांना ज्यांना 'येस सर' म्हटलं ते सगळे साहेब एका माणसात घुसून माझ्याकडे बघतायत असं वाटलं.

"हे घरी काय बोलतात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काय म्हणजे? आपण बोलतो तसंच बोलतात," मुलगी म्हणाली.

मी त्याचा अर्थ लावला, आपण जसं आपल्या भाषेत बोलतो तसं ते त्यांच्या. कोट घातलेला ख्रिश्चन माणूस दुसरं काय बोलणार? पोरगं मराठी बोलत होतं, ते ऑफिसात आमच्या पोरीसारख्यांच्या संगतीत शिकलं असेल. एकदा डोक्यात बसलं ते बसलं. माझ्या डोक्यातलं काढायचं म्हणजे भिंत फोडूनच काढावं लागतं.

आमच्याकडची रीत अशी की लग्न ठरवायला आधी मुलीकडचे मुलाकडे जातात. ठाण्याहून रविवारच्या जेवणाचं आमंत्रण आलं. माझा गुडघा दुखायला लागला. पुढच्या आमंत्रणाला आमच्याकडे पाणी येणार नव्हतं, टँकरवर लक्ष ठेवायला घरात पुरुषमाणूस पाहिजे होता. त्याच्या पुढच्या वेळी दिवा स्टेशनजवळ राहणारा माझा एक लांबचा भाऊ आजारी पडला. या भावाचं आणि माझं बोलणं बरीच वर्षं बंद आहे, पण त्या दिवशी मला त्याची फार काळजी वाटली.

असं ढकलत असताना मी गप्प मात्र बसलो नव्हतो. आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडे पंखा आवाज करतोय का, असं विचारत मी गेलो. पंखा चांगला होता. मग मी मुद्द्यावर आलो.

"मास्तर, माझ्या एका मित्राला थोडं इंग्रजी शिकायचंय. एका मोठ्या माणसाला भेटायचंय त्याला."

"किती शिकलेत?"

"चौथी."

"तुमच्याएवढेच की."

"हो. योगायोग."

"घेऊन या त्यांना."

"तो लाजतो. मला शिकवा, मी त्याला सांगतो."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. शिक्षकी पेशातला माणूस, थापा ऐकण्यात जन्म गेलेला. त्यांनी मला वाक्यं लिहून दिली. आपण कसे आहात, आपलं घर सुंदर आहे, हवा छान आहे. ठाण्यात हवा छान आहे असं कुणी मराठीतही म्हणत नाही. मी वाक्यं परत केली. माझी स्वतःची एक योजना होती आणि तिचा मला गर्व होता. घरात पॉइंट कितीही असोत, मेन स्विच एकच असतो. तसे इंग्रजीत काही शब्द असणारच ज्यांच्यावर भरपूर अर्थ चालतात. असे दोनच दणकट शब्द घ्यायचे, त्यांचे सगळे अर्थ घोटायचे, आणि त्या दोघांवर एक दुपार काढायची.

"दोन शब्दांवर?" मास्तर म्हणाले.

"मित्राला एवढंच झेपेल."

"कुठले दोन?"

मी 'लाइन' आणि 'पास' सांगितले. लाइन, कारण ती आयुष्यभर हाताळली. पास, कारण चौथीला झालेलो.

मास्तरांना सुरुवातीला गंमत वाटली, मग त्यांनाच नाद लागला. रोज संध्याकाळी आम्ही त्यांच्या गॅलरीत बसायचो. आधी मला माहीत असलेले अर्थ मी काढायचो. विजेची लाइन. पाण्याची लाइन, गटाराची लाइन. गॅससाठी लावलेली लाइन. सेंट्रल लाइन. तुम्ही कुठल्या लाइनीत, म्हणजे धंद्यात. वाया गेलेलं पोरगं लाइनीवर आलं. मी 'लाइन मारणे'ही सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "तो इंग्रजी नव्हे, तो आपल्या डोंबिवलीचा अर्थ आहे." मग ते त्यांच्याकडचे घालायचे. वहीतली ओळ, नाटकातल्या नटाचं वाक्य, कपाळावरची आठी, गळाची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, घराण्याचा वंश.

पासचंही तसंच. परीक्षा पास, गाडीचा पास, नाटकाचा फुकट पास, साहेबाने बिल पास केलं, टाइम पास केला. माझा मुतखडा पास झालेला तेही मी सांगितलं, आणि मास्तर म्हणाले, अगदी बरोबर, इंग्रजीतही असंच म्हणतात. मला फार बरं वाटलं. एवढ्या वेदना सोसल्या त्या शुद्ध इंग्रजीत सोसल्या. मग त्यांनी सांगितलं की डोंगरातली खिंड म्हणजे पास, ताटावर मीठ पुढे करणं म्हणजे पास, आणि माणूस मेला तरी पास.

"मेला तरी?"

"सभ्यपणाने सांगायचं झालं तर."

"म्हणजे जन्मभर नापास झालेला माणूससुद्धा शेवटी पास होतो म्हणा की. सरकारने शाळेत तेच सुरू केलंय."

दोन्ही शब्दांची मी रोज तुलना करायचो, नवीन आणि जुनी वायर हातात धरून बघतात तशी. लाइन मला सरळ वाटायची. तार घ्या, रांग घ्या, रूळ घ्या, आठी घ्या, सगळं मुळात लांब आणि बारीक. नातं लगेच दिसतं, एकाच घरची भावंडं. पासचं तसं नाही. खिंडीचा आणि मुतखड्याचा काय संबंध? मी म्हटलं, "मास्तर, हा शब्द मला संशयास्पद वाटतो. प्रत्येक गावात वेगळं नाव सांगून राहतोय."

"नीट बघा," मास्तर म्हणाले. "सगळीकडे पलीकडे जाणंच आहे. परीक्षेच्या पलीकडे, डोंगराच्या पलीकडे, आयुष्याच्या पलीकडे."

"आणि पत्त्यात पास म्हणतात तो? तिथे माणूस हलत पण नाही. बसल्या जागी बसून असतो."

मास्तर गप्प झाले. मी उड्या मारतच वर आलो, गुडघा दुखत असल्याचं विसरून. बायकोला म्हटलं, "आज इंग्रजीच्या मास्तरला इंग्रजीत गप्प केलं. भजी कर." तिने भजी केली नाहीत. सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर मास्तर जिन्यातच उभे. "पत्त्यात पाळी पलीकडच्या गड्याकडे जाते," म्हणाले, आणि आत गेले. रात्रभर झोपले नसावेत. माझा विजय एका रात्रीचा, तोही भजीशिवाय.

जेवताना सराव सुरू झाला. "पास द मीठ," मी म्हणायचो.

"हात पोचत नाही का तुमचा?" बायको.

"पोचतो."

"मग घ्या की. सगळं बसल्या जागी पाहिजे."

असं करत वर्ष सरत आलं. मास्तरांचं म्हणणं, मित्राची अजून तयारी नाही. आणि मग एका रविवारी सकाळी पुन्हा आमंत्रण आलं. मी म्हटलं, आज सोसायटीची मीटिंग आहे. मुलीने हातातला कप ओट्यावर ठेवला.

"मीटिंग गेल्या रविवारी झाली, बाबा."

मी पेपर उघडला.

"ते ख्रिश्चन आहेत म्हणून ना?" ती म्हणाली. "आधीच सांगायचं होतं. 'मग मला काय' म्हणालात तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझे बाबा कसे आहेत बघा. त्याच्या वडलांनी किती वेळा बोलावलं. आता ते म्हणतात, तुझ्या बाबांना आमच्या घरी जेवायचं नसेल तर राहू दे, जबरदस्ती नको."

"तसं काही नाहीये."

"मग कसं आहे?"

आता बघा, इथे तीन शब्दांचं काम होतं. इंग्रजी येत नाही. पण माझ्या तोंडातून ते निघेनात. मी पेपरात बघत राहिलो, तो पण जाहिरातीच्या पानावर. मुलगी म्हणाली, "पुढच्या महिन्यात आम्ही रजिस्टर लग्नाची नोटीस देतोय. तुम्ही नाही आलात तरी करणार. पण तुम्ही असे निघाल असं वाटलं नव्हतं." आणि ती आत गेली. माझी पोर रागावली की आरडाओरडा करते. त्या दिवशी तिने नुसतं दार लावलं, हळूच. मला तो आवाज अजून आवडत नाही.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "खरंच तेच कारण आहे?"

"तुला तसं वाटतं?"

"मला तुमचं काहीच कळत नाही आजकाल. मीठ सुद्धा इंग्रजीत मागता."

मी मुलीच्या दाराबाहेरून ओरडलो, "पुढच्या रविवारी जाऊ म्हणून सांग त्यांना!"

रविवारी मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. मी रस्ताभर ओठांतल्या ओठांत दोन्ही शब्दांची उजळणी करत होतो. मुलगी पुढे बसलेली, एकदाही मागे वळली नाही. घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या टॉवरांच्या मागे त्यांचं जुनं गावठाण आहे. बैठं कौलारू घर, दारात क्रूस, क्रूसाजवळ शेवग्याचं झाड. दारात व्याही उभे. तोच कोट, तोच टाय, वर भर दुपारचं ऊन. घाम गळ्यातून टायमध्ये उतरत होता.

त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आपल्या आगमनाने आम्हांस अत्यंत आनंद होत आहे."

मला वाटलं, बिचाऱ्याने माझ्यासाठी एक मराठी वाक्य पाठ केलंय. किती सभ्य माणूस! आता आपणही मागे राहायचं नाही. मी हात पुढे केला. "थँक्यू. व्हॉट इज युवर लाइन?"

त्यांचा चेहरा पडला. ते मुलाकडे बघायला लागले, पण मुलगा गाडी लावायला गेलेला. "आपण आसनस्थ व्हावे," ते म्हणाले.

आम्ही बसलो. बायका आत गेल्या. मुलगी खिडकीशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. व्याह्यांनी सरबताचा पेला पुढे केला. मी म्हटलं, "गुड पास." ते म्हणाले, "आपली प्रकृती कुशल असावी अशी अपेक्षा करतो." मी भिंतीवरच्या वायरिंगकडे बोट दाखवलं, "लाइन, ओल्ड. डेंजर." ते म्हणाले, "निश्चितच." माझे दोन्ही शब्द संपलेले. वर्षभर जमवलेले अर्थ, पण त्या खोलीत एकाचाही उपयोग होईना. खिंड कुठे काढणार आणि गळाची दोरी कुठे सोडणार?

तेवढ्यात आतून विहीणबाईंचा आवाज आला, "अवो, तो कोट काडा की अंगावरना! चक्कर येल तुमाला, मग पावन्यांनी तुमाला उचलाचा काय?"

"काडतंय गो!" व्याही ओरडले. "जरा इज्जतीत बसू दे मना!"

मी उभाच राहिलो. "तुम्हाला मराठी येतं?"

"मंग काय येनार?" ते म्हणाले, आणि जीभ चावली. "माफ करा. आमची बोली गावठी हाय. तुमी डोंबिवलीचं लोक, शिकलेलं, तुमचं मराठी एकदम पुस्तकातलं. मी तिसरीत शाला सोडली, बापासंगं मिठागरावर गेलो. पोरगा बोलला, पोरीचं बाबा इंग्लिश पन फाडफाड बोलतान. मी म्हनलं, मेलो. दोन महिनं पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचतंय."

आतून माझी बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या काखेत सुकटीची पिशवी, विहीणबाईंनी दिलेली.

"तुला माहीत होतं हे मराठी बोलतात?" मी विचारलं.

"अहो, मी आणि विहीणबाई गेल्या गणपतीपासून फोनवर बोलतोय. तुम्ही खाता ती कोलंबीची चटणी यांचीच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? माणसं मराठी बोलतात म्हणून? तुम्ही विचारलंत कधी?"

व्याही हसायला लागले. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, आत सदरा ओलाचिंब. मी पण हसायला सुरुवात केली, सुटलो म्हणून. हसली नाही ती फक्त मुलगी.

"मग बाबा," खिडकीपासूनच तिने विचारलं, "वर्षभर का टाळलंत?"

मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात आलेला, तो तिथेच थांबला.

"इंग्रजीमुळे," मी म्हटलं.

"कसलं इंग्रजीमुळे?"

"मला वाटलं यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागेल."

"मग? तुम्हाला येतं की. लहानपणापासून ऐकतेय मी, साहेबांशी इंग्रजीत, इंजिनियरशी इंग्रजीत. आता एवढ्यात काही सुचलं नाही म्हणून हे कारण काढलंत?" तिचे डोळे भरले. "खरं काय ते सांगा ना. मी काही म्हणणार नाही."

एवढी वर्षं मी जी भिंत बांधली ती इतकी पक्की निघाली की आता मलाच बाहेर यायला जागा नव्हती. खोटं बोलत होतो तेव्हा सगळ्यांचा विश्वास, आणि खरं बोललो तर पोटची पोर मानेना. मी इकडेतिकडे बघितलं. टेबलावर व्हिनेगरची बाटली होती. ती उचलून मी मुलीकडे गेलो.

"यावर काय लिहिलंय विचार मला."

"बाबा, काहीतरी काय?"

"विचार म्हटलं ना!"

"वाचा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. मोठी अक्षरं ओळखीची होती, फ्यूजच्या डबीवर असतात तशी. एकेक अक्षर मी वाचलं, पण ती एकमेकांना धरून उभी राहीनात. व्याह्यांच्या घरात, व्याह्यांच्या देखत, होणाऱ्या जावयाच्या देखत मी पहिल्याच ओळीत अडकलो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, बोट ठेवून. पुन्हा तिथेच अडकलो. कपाळाला घाम आला. मुलगी आधी बाटलीकडे बघत होती, मग माझ्या बोटाकडे, मग माझ्याकडे.

"येत नाही," मी म्हटलं. "मला नाही येत इंग्रजी. कधीच येत नव्हतं."

"परत म्हणा," बायको मागून म्हणाली. "अगं, मोबाइल काढ, रेकॉर्ड करून घे. यांच्या तोंडून परत ऐकायला मिळायचं नाही."

मुलगी हसली की रडली ते मला चष्म्यातून नीट दिसलं नाही. तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि तिच्या जागी माझाच हात धरला. "म्हणजे माझ्या अभ्यासाच्या वेळी, स्वतः शोध, स्वतः शोध..."

"शोधलंस ना पण?"

"बाबा!"

"बाई, भांडान नंतर," व्याही म्हणाले. "आदी ह्यांना बसव. उनातना आलेत. आनी माजं पन एक ऐक. ते रजिस्टरच्या हापिसात साक्षीदार लागतान, मी नि हे, दोगं येतंव. पन सही मराटीत चालते ना गो? इंग्लिशमंदी कराची असली तर आमी दोगं बाहेरच उबे रावू."

"चालते," मुलगी म्हणाली. "अंगठासुद्धा चालतो. पण दोघंही या."

"अंगठा कशाला?" मी म्हटलं. "माझी सही चांगली आहे."